अनुदानाची वाट सातबाऱ्यातून जाते

गावात कुणीही भेटलं की प्रश्न ठरलेला असतो, "ताई, नवीन काही योजना आली का?" मी उलट विचारते, "भाऊ, तुमचा सातबारा शेवटचा कधी वाचला?" माणूस माझ्याकडे बघतच राहतो. सातबारा काढलेला असतो, सोसायटीच्या कर्जासाठी दरवर्षी काढावाच लागतो. त्याच्या झेरॉक्सही घरात पडलेल्या असतात. पण वाचलेला नसतो.

आमचं गाव अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यात आहे. रावेर-यावलसारखी केळी इथे नाही. कापूस, मका, रब्बीला जमली तर दादर ज्वारी, आणि बोरी नदीला पाणी असेल तोवरच थोडंफार बागायत. अशा गावात ठिबकचा एक संच किंवा एक विहीर म्हणजे घराची पुढची दहा वर्षं. म्हणून अनुदान हा विषय मला कधीच किरकोळ वाटला नाही. बचत गटाचं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, त्यामागून बायकांचे कागद आले, मग त्यांच्या नवऱ्यांचे, दिरांचे. ते वाचता वाचता एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. आपल्याकडची बहुतेक अनुदानं तालुक्याच्या कार्यालयात अडत नाहीत आणि संगणकातही अडत नाहीत. ती घरात, कपाटातल्या त्या एका कागदावर अडलेली असतात. अर्ज भरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून.

योजना शोधणं हे आता त्यामानाने सोपं काम आहे. पेपरात मथळा येतो, मोबाइलवर फॉरवर्ड येतो, "अमुक योजनेला मंजुरी, शेतकऱ्यांना मिळणार इतके रुपये." लोक दुसऱ्याच दिवशी केंद्रावर गर्दी करतात आणि हात हलवत परत येतात. मग सरकारला शिव्या. मी मथळा वाचून थांबत नाही. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा वेगळा भाग आहे. विभाग निवडायचा, तारीख टाकायची, मूळ निर्णय उघडायचा. कुणालाही उघडता येतो, पैसे लागत नाहीत आणि तो मराठीत असतो. भाषा जड असते हे खरं, पण ठेवण एकदा कळली की भीती जाते. सुरुवातीला संदर्भ, म्हणजे आधीच्या निर्णयांची यादी. मग प्रस्तावना. ही दोन्ही चाळली तरी चालतं. खरं सगळं "शासन निर्णय" या मथळ्याखाली आणि शेवटच्या परिशिष्टात असतं: कुणाला मिळेल, किती मिळेल, कोणते कागद, कोणता अधिकारी. परिशिष्ट कुणी वाचत नाही आणि तिथेच अट असते.

यात एक फरक ओळखायला शिकलं की निम्मी निराशा टळते. एक निर्णय असतो प्रशासकीय मान्यतेचा, दुसरा निधी वितरणाचा. पहिला सांगतो की यंदा ही योजना राबवायला सरकारची हरकत नाही. पैसा प्रत्यक्ष हलतो तो दुसऱ्याने, आणि तो कित्येकदा तुकड्यातुकड्याने, महिन्यांच्या अंतराने निघतो. पेपरातला मथळा बहुधा पहिल्याचा असतो. त्यामुळे "मंजूर झालं म्हणे, मग पैसे कुठे गेले?" या प्रश्नाचं उत्तर दर वेळी "कुणीतरी खाल्ले" असं नसतं. कधीकधी पैसे मंत्रालयातून निघालेलेच नसतात.

तेव्हा योजना सापडते. पुढे अर्जात गट नंबर टाकायची वेळ येते आणि खरं दुखणं तिथे सुरू होतं.

आमच्या गल्लीत एक जिजी आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दोन एकर कसतात, पोरगा हाताशी आहे. त्यांना ठिबक बसवायचं होतं. मी सातबारा मागितला तर म्हणाल्या, "मना नाववर काहीच नही शे, बेटा." मला वाटलं, नवऱ्याच्या नावावर असेल, वारस लावायचे राहिले असतील. तेही नव्हतं. उतारा बघितला तर त्यावर थोरल्या दिरांचं एकट्याचं नाव, आणि नावापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ.

एकत्र कुटुंब मॅनेजर. सासरे वारले तेव्हा, कधीकाळी, तलाठ्याने सगळ्या भावांची नावं लावण्याऐवजी थोरल्याला कुटुंबाचा कर्ता म्हणून लावलं आणि विषय मिटवला. त्या काळी ते सोयीचं होतं, भाऊ एकत्र होते, एकच चूल होती. पुढे चुली वेगळ्या झाल्या, बांध पडले, वाटण्या तोंडी झाल्या, ज्याने त्याने आपापला तुकडा कसला. उतारा मात्र तिथेच थांबला. संगणकाच्या लेखी जिजींच्या नवऱ्याने कधी शेती केलीच नाही.

असंच दुसरं एक तीन अक्षरांचं प्रकरण असतं, अ.पा.क. बाप लवकर गेला, मुलं लहान होती, म्हणून नोंद झाली "अज्ञान पालनकर्ता", म्हणजे वयात न आलेल्या मुलाचं पालन करणारी आई. ते मूल आज पन्नाशीला आलंय, त्याला नातवंडं आहेत आणि उताऱ्यावर तो अजून अज्ञान आहे. आमच्या गावात असे दोन-तीन आजोबा आहेत. शिवाय इतर हक्काच्या रकान्यात कधीच फिटलेल्या कर्जाचे बोजे, तगाई म्हणजे जुनी सरकारी कर्जं, बंडिंग म्हणजे बांधबंदिस्तीच्या नोंदी. सोसायटीचा दाखला नेऊन तो बोजा उतरवायचा असतो, पण कर्ज फेडलं की माणसाला वाटतं काम झालं.

ही एखाद्या घराची तक्रार नाही हे सरकारलाही कळलं असावं, कारण २०२५ साली महसूल खात्याने राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम काढली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, आणि पुढच्या टप्प्यात एकुमॅ, अपाक, जुने बोजे अशा निरुपयोगी नोंदी काढायच्या. माझ्या मते गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यासाठी निघालेल्या घोषणांमध्ये ही सगळ्यात मोलाची. तिच्यात कुणाला एक रुपयाही मिळणार नव्हता, म्हणून तिची चर्चा कमी झाली. पण पुढच्या प्रत्येक रुपयाचं दार तिने उघडलं असतं. आमच्या गावात दवंडी झाली तेव्हा मी घरोघर जाऊन सांगितलं. जे आले त्यांचं काम झालं. जे "बघू पुढे" म्हणाले त्यांना आता अर्ज, नोटीस, पंधरा दिवस हरकतीची वाट, मग नोंद प्रमाणित, असा नेहमीचा रस्ता आहे. तोही बंद नाही. वारस नोंदीचा अर्ज घरबसल्या ई-हक्क या सरकारच्या ऑनलाइन सोयीतून करता येतो.

जिजींच्या बाबतीत दीर भले निघाले, ते मान्यच करत होते. पण नुसतं मान्य असून भागत नाही. सासऱ्यांच्या मृत्यूनंतरचा जुना फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, शोधावा लागला. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्याची नक्कल मिळाली. निळ्या शाईने लिहिलेला, कडा फाटलेल्या. त्यात मात्र सगळ्यांची नावं होती: तीन भाऊ, दोन बहिणी. आणि शेवटी एक ओळ, थोरल्याचं नाव एकुमॅ म्हणून दाखल करावे. जिजींनी त्या कागदावर नवऱ्याच्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आठे शेना त्यासनं नाव?" होतं. इतकी वर्षं तिथेच होतं.

आता त्या दोन बहिणींचं. हे लिहायला मला अवघड जातं, पण लिहायलाच हवं. अनुदानाच्या निमित्ताने सातबारा उघडला की घरात लगेच एक सूचना येते: बहिणींकडून हक्कसोड घेऊन टाकू, नावं कमी, कटकट कमी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधलेले असतात, पुरणपोळी-आमरस असतो, आणि त्याच चार दिवसांत "तालुक्याला जाऊन एक सही करून ये" असं सांगितलं जातं. महाराष्ट्राने १९९४ सालीच लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, देशाचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला. आणि आपण ठिबकच्या अर्जासाठी तो हक्क एका सहीत सोडवून घेतो. त्याची गरज नसते. सामाईक क्षेत्र असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र चालतं. मी या अनुदानाचा लाभ घेतोय, माझी हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मालकी कुणाची जात नाही. बहिणीला आखाजीला सही मागायची असेल तर ती संमतीपत्रावर मागा. जिजींच्या नणंदांनी तेच दिलं, आणि उताऱ्यावर त्यांची नावं लागली ती तशीच राहिली. दीर थोडे नाराज झाले. झाले तर झाले.

कापसाच्या अनुदानावेळी याच संमतीने किती घरं अडवली ते आठवतं. २०२३च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असं अर्थसाहाय्य जाहीर केलं. खान्देशात कापूस नाही असं घर कुठलं? पण लाभ आधी ई-पीक पाहणीवर नोंद असलेल्यांना. मोबाइलवर पीक नोंदवायचं, हे आमच्या बांधावर अर्ध्यांनी केलंच नव्हतं. नंतर त्यात सवलत मिळाली, सातबाऱ्यावर पीक असेल तरी चालेल असं झालं. दुसरी अडचण सामाईक खात्यांची. पाच भावांचं नाव आणि पैसे एकाच्या खात्यात, तर बाकीच्या चौघांची संमती हवी. एक सुरतला, एक नाशिकला, एकाशी बोलणं बंद. तेवढ्यावरून काही हजार रुपये तसेच राहिले. रक्कम मोठी नव्हती, पण कपाशी वेचून झाल्यावर घरात रोख पैसा किती असतो हे ज्याला माहीत आहे त्याला त्याचं मोल कळेल.

लक्ष्मी मुक्ती हा शब्द गावात किती जणांनी ऐकलाय, हे मी विचारून पाहिलंय. १९९२चा शासन निर्णय आहे. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर त्याच्या जमिनीच्या उताऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी नाही. तहसीलदाराकडे अर्ज द्यायचा. तीस वर्षांहून जुना, खर्च जवळपास शून्य, आणि आमच्या गावात तो वापरलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. कृषी विभागाच्या योजनांत महिला शेतकऱ्यांसाठी वाटा राखून ठेवलेला असतो, ट्रॅक्टरसारख्या यंत्राला महिलेला अनुदान जास्त मिळतं. पण उताऱ्यावर नाव नसलेली बाई सरकारच्या लेखी शेतकरी नसते, मग ती पहाटेपासून निंदणी करो नाहीतर पाणी भरो. पुरुषांना मी सरळ सांगते: बायकोचं नाव लावा, तुम्ही असताना लावा. हा अर्ज नवऱ्यालाच करता येतो, मागे राहिलेल्या बाईला नाही.

बाकी अर्जाची प्रक्रिया मी थोडक्यात सांगते, कारण ती कुठल्याही सेवा केंद्रावरचा पोरगा करून देतो. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी, एप्रिल २०२५पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा, अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. केंद्रवाला आपली मेहनत वेगळी घेईल, ती घ्यावी, पण शुल्क एवढंच आहे हे आपल्याला माहीत असावं. आधी सोडत निघायची, २०२५पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी असं धोरण आलं. यामुळे माझं वरचं म्हणणं आणखी खरं ठरतं. सोडतीत नशिबाला वाव होता. आता ज्याचे कागद तयार तो पुढे, आणि ज्याला उतारा दुरुस्त करायला सहा महिने लागणार तो रांगेच्या टोकाला.

दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसते. पहिली, पूर्वसंमती. अर्ज निवडला गेल्याचा मेसेज आला की लोक आनंदाने दुकानात जातात. थांबा. कागद चढवायचे, कार्यालयाने तपासायचे, मग पूर्वसंमतीचं पत्र येतं, आणि खरेदी त्यानंतरच. बिलावरची तारीख पत्राच्या आधीची असली की ते बिल मेलं. पेरणीची घाई असते, दुकानदार म्हणतो "घेऊन जा भाऊ, बिल मागाहून करू". नाही. त्याने नाही बसत.

दुसरी गोष्ट, टक्के कशाचे. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला, ठिबकवर ५५ टक्के मूळ योजनेतून आणि राज्याचे पूरक २५, मिळून ८०. त्याहून जास्त जमीन असलेल्याला ४५ आणि ३०, मिळून ७५. पण हे टक्के सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाचे असतात, आपल्या बिलाचे नाहीत. समजा मापदंड एक लाखाचा आणि बिल झालं सव्वा लाखाचं, तर अनुदान ८०,००० आणि आपल्या खिशातून ४५,०००. दुकानात "ऐंशी टक्के माफ" ऐकून गेलेला माणूस घरी येऊन भांडतो. हा हिशेब आधी कागदावर मांडून बघायला पाच मिनिटं लागतात.

आणि बँक. "ताई, खातं आधारला लिंक आहे" असं सगळेच सांगतात. बँकेत आधार दिलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या खात्यात उतरतात त्या खात्याशी आधार जोडलेलं असणं वेगळं. मध्ये कधी पोराने मोबाइलवरून दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, तिथे नकळत संमती दिली, की पैसे तिकडे. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला याला मग अर्थ उरत नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघता येते, मी ती अर्ज भरण्याआधीच बघून घेते. नावाचं तर विचारूच नका. आधारवर सिंधुबाई, उताऱ्यावर शिंधूबाई, पासबुकात नुसतं सिंधू. एकीला या तीन नावांपायी पुन्हा पुन्हा तालुक्याला जावं लागलं. काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता, पण कुठलं नाव कुठे बदलायचं हे त्याने तिला एका वेळी सांगितलं नाही. दर खेपेला एकेक सांगितलं. एका बाईची एक मजुरी बुडते प्रत्येक खेपेला.

माझी मागणी इथे अगदी साधी आहे. अर्ज परत पाठवताना सगळ्या त्रुटी एकदाच, पूर्ण वाक्यात, मराठीत लिहाव्यात. "कागदपत्रे अपूर्ण" हे उत्तर नव्हे. आणि उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत लेखी सांगावं लागतं की आपला अर्ज कुणाच्या टेबलावर कधीपासून आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांना तर २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदतच घालून दिली आहे, ती उलटली की अपील करता येतं. हे अर्ज मी लिहून देते. भांडणाच्या सुरात नाही, सरळ विचारते. बहुतेक वेळा तेवढ्याने फाइल हलते.

एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. सगळे कागद सरळ झाले, पूर्वसंमती आली, तरी आधी पूर्ण पैसे स्वतः भरायचे आणि अनुदान मागाहून खात्यात येणार. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्याच्यासाठी हे ठीक. जिजींकडे नव्हते. ८० टक्के ज्या गरिबासाठी ठेवले, त्यालाच पहिल्या दिवशी शंभर टक्के उभे करायला सांगणं हे मला मान्य नाही. काही विक्रेते अनुदानाची रक्कम येईपर्यंत थांबतात, पण मग दर ते सांगतील तोच द्यावा लागतो. यावर सरकारने बँकेमार्फत मधल्या काळाचं बिनव्याजी कर्ज द्यावं असं मला वाटतं, आणि हे मी तालुक्याच्या बैठकीत बोलून दाखवलंय.

जिजींनी गटातून कर्ज काढलं, उरलेलं पोराने कापसाच्या पट्टीतून घातलं. नळ्या टाकून झाल्या, बिल चढवलं, कृषी सहाय्यक येऊन शेतात मोका तपासणी करून गेले, जिजींना संचाजवळ उभं करून फोटो काढला. गटाचा हप्ता चालू झालाय, अनुदान अजून आलेलं नाही. निधी वितरणाचा या वर्षीचा पुढचा निर्णय निघाला का ते मी संध्याकाळी बघते, आणि जिजी सकाळी येऊन विचारतात.